वाड्यातली वहिनी उभी करताना

आमच्या बेळगावच्या हौशी नाट्यमंडळीने महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ करायचे ठरवले, तेव्हा त्यातली वहिनी मी करावी असे दिग्दर्शकांनी सुचवले, आणि पुढचा सगळा पावसाळा त्या एका बाईच्या सहवासात गेला. हे नाटक विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच घराण्याची पुढची कथा सांगणारी ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटके नंतर आली, आणि १९९४ मध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली तिन्ही नाटके सलग सादर केली. आम्ही पहिलेच नाटक घेतले होते. तरीही तिन्ही वाचल्याशिवाय पहिल्याला हात लावायचा नाही, अशी आमच्या दिग्दर्शकांची अट होती. ती अट मला फार मोलाची वाटते, कारण ज्या घरातली पडझड तीन नाटकांपर्यंत चालणार आहे, त्या घरात पहिल्या अंकापासूनच सर्वस्व बुडाल्यासारखे वावरून चालत नाही. त्या माणसांना अजून आशा असते, हिशेब असतात, एकमेकांवर राग असतो.

ज्यांनी हे नाटक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात घरातले वडील तात्याजी वारले आहेत आणि तेराव्याची तयारी चालू आहे. थोरला भास्कर, त्याची बायको वहिनी, आई, शिकायची इच्छा मनातच राहिलेली बहीण प्रभा आणि घरातली सगळी कष्टाची कामे मुकाट्याने ओढणारा धाकटा भाऊ चंदू हे वाड्यात राहतात. मधला भाऊ सुधीर त्याची बायको अंजली हिला घेऊन मुंबईहून येतो. अगदी म्हाताऱ्या दादी, म्हणजे तात्याजींच्या आई, आतल्या खोलीतून गेलेल्या मुलाला हाक मारून वेळ विचारत राहतात. अंगणात न चालणारा ट्रॅक्टर गंजत उभा आहे. घराण्याच्या लौकिकाला साजेसे गावजेवण घालायचे तर पैसा नाही, आणि न घालावे तर लौकिक जातो. या पेचातून एकेकाच्या मनातले बाहेर पडत जाते.

पहिली वाचने वडगावातल्या एका शाळेच्या वर्गात झाली. शेजारच्या गल्लीतले यंत्रमाग रात्री उशिरापर्यंत चालू असत, त्यामुळे हलक्या आवाजातले संवादही नीट फेकून म्हणण्याची सवय आम्हां सर्वांना आपोआप लागली. वाचनापेक्षा वाचनानंतरच्या गप्पा अधिक लांबत. भास्करचे काम करणारे काका खानापूर तालुक्यातले. त्यांच्या आजोबांची भातशेती कुळांकडे होती. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा, पुढे कर्नाटकाचा १९६१ चा जमीन सुधारणा कायदा आणि १ मार्च १९७४ पासून अमलात आलेली त्यातली मोठी दुरुस्ती, हे सगळे त्यांनी घरातल्या माणसांच्या तोंडून ऐकलेले होते. कुळांनी जमिनीवरच्या हक्कासाठी फॉर्म नंबर सात भरले, लवादापुढे सुनावण्या झाल्या, आणि दरवर्षी घरी येणाऱ्या भाताच्या गाड्या बंद झाल्या. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्याय्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे आणि काकांचेही तेच होते. मात्र त्या गाड्या बंद झाल्यावरही त्यांच्या आजोबांनी कित्येक वर्षे पंगतीला बसणाऱ्यांची संख्या कमी होऊ दिली नाही, हे त्यांनी सांगितले तेव्हा भास्कर आम्हांला कळला. उत्पन्न थांबले तरी खर्चाची रीत चालू राहते, आणि त्या दोहोंमधले अंतर घरातल्या बायकांच्या अंगावरच्या सोन्याने भरून काढले जाते. वहिनीची सगळी भूमिका मला त्या संध्याकाळी सापडू लागली.

भाषेचा प्रश्न सुरुवातीलाच निघाला. नाटकातले घर वऱ्हाडी वळणाचे बोलते आणि आमची बोली बेळगावची. आमच्या तोंडी “काय की”, “होय की” बसलेले, क्रियापदांवर कन्नडची सावली. संवाद आपल्या बोलीत फिरवून घ्यावेत, म्हणजे प्रेक्षकाला घर जवळचे वाटेल, असे काहींचे म्हणणे होते. दिग्दर्शकांनी ते मानले नाही, आणि ते बरोबरच केले. लेखकाने ज्या मातीत माणसे उभी केली तिथून त्यांना उपटण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय लेखकाची परवानगी आपण त्याच्या शब्दांसाठी घेतलेली असते. टिळकवाडीत राहणाऱ्या, मूळच्या अमरावतीकडच्या एका बाईंचे यजमान मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातून निवृत्त झालेले. त्या बाईंनी आमच्यासाठी वहिनी, आई आणि प्रभा यांचे संवाद मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दिले. मी स्वयंपाक करताना, बसने जाताना तेच ऐकत असे. काही दिवसांनी शब्दांपेक्षा त्यांतले हेल माझ्या कानात बसले आणि मग पाठांतर सोपे झाले.

चंदूचे काम करणारा मुलगा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. पाळी संपवून तो थेट तालमीला येई. चंदूच्या पायाला ट्रॅक्टर लागून जखम होते आणि ती घरात कोणाच्याच फारशी लक्षात येत नाही, तशीच चिघळत जाते. पहिल्या तालमीत दिग्दर्शकांनी त्याला लंगडायला सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहून मला म्हणाला, “अक्का, लागलेला पाय असा ओढत नाहीत. मी बघितलो आहे की. खालच्या बाजूला जखम असली तर माणूस कडेवर पाऊल टाकतो, आणि कोण बघत असलं तर सरळ टाकायला जातो.” त्याने तसे चालून दाखवले. कोणी समोर आले की पाऊल सरळ, पाठ फिरली की टाच किंचित उचललेली. त्यानंतर त्या भूमिकेत कोणी काही सुचवले नाही. प्रयोगाच्या रात्री चंदू पाण्याचे भांडे घेऊन माझ्या समोरून गेला तेव्हा मला वहिनी म्हणून त्याच्याकडे पाहायचे नव्हते, आणि ते न पाहणे मला सगळ्या नाटकात सर्वांत जड गेले.

आता दागिन्यांच्या प्रवेशाविषयी. रात्रीच्या वेळी भास्कर आणि वहिनी आपल्या खोलीत आहेत; घराण्याचे सोने बाहेर काढलेले आहे आणि वहिनी ते अंगावर घालते. दिवसभर राबणारी, जावेशी धारेने वागणारी ही बाई त्या काही क्षणांत त्या वाड्याच्या जुन्या मालकिणींच्या ओळीत जाऊन बसते. वाचताना हा प्रवेश मला सोपा वाटला होता. उभा करताना कळले की त्यात वेळेचे फार मोठे काम आहे. प्रत्येक दागिना कुठल्या वाक्याला उचलायचा, कुठल्या वाक्यापर्यंत त्याचा फासा बसला पाहिजे, फासा बसत असताना भास्करकडे पाहायचे की आपल्याच मनगटाकडे, हे सगळे आधी ठरवावे लागते आणि नंतर ठरवल्यासारखे दिसू द्यायचे नसते.

सुरुवातीच्या तालमी आम्ही दागिन्यांशिवाय, नुसत्या हातांनी केल्या. मग माझ्या मोठ्या नणंदेने तिचे खोटे दागिने वापरायला दिले. त्यांत कोल्हापुरी साज होता, कारण आमच्याकडे लग्नात तो असतोच. परंतु वऱ्हाडातल्या देशपांड्यांच्या घरी तो शोभणार नाही म्हणून बाजूला ठेवला आणि पुतळ्यांची माळ, पाटल्या, तोडे, गोठ, बाजूबंद, एकदाणी आणि नथ एवढे घेतले. खोटे दागिने वजनाने हलके असतात. हातात ते उचलले की हात फार लवकर वर येतो आणि प्रेक्षकाला त्या घाईतूनच कळते की हे सोने नव्हे. आमच्या वेशभूषा पाहणाऱ्या मावशींनी तोड्यांच्या आतल्या बाजूला शिशाची पट्टी बसवून दिली, तेव्हा माझा हात त्या वजनाने आपसूक सावकाश झाला.

क्रमही आम्ही पुष्कळ विचाराने लावला. आधी हातातले, मग दंडातले, मग गळ्यातले आणि शेवटी नथ. पाटल्या चढवताना तळहात मिटून अंगठा आत घ्यावा लागतो, आणि कष्टाने रुंद झालेल्या हाताच्या बाईला जुन्या माणसांच्या मापाच्या पाटल्या चटकन जात नाहीत. मी तिथे थोडे अडखळायचे, पाटली बोटांच्या सांध्यांवर थांबवायची, आणि मग एका श्वासात आत सरकवायची असे ठरवले. त्या थांबण्यात वहिनीची सगळी वर्षे यावीत अशी माझी इच्छा होती: या घरात सून म्हणून आली तेव्हाचा तिचा बारीक हात, आणि आत्ताचा. गळ्यातली माळ घालताना मात्र मान खाली न घालता माळ वरूनच घालावी, असे दिग्दर्शकांनी सांगितले, कारण तिथे ती बाई वाकणार नाही. नथ घालायच्या वेळी बोलणे थांबतेच. चिमटीत नथ धरून कोणाला बोलता येत नाही. ती शांतता आम्ही मुद्दाम पूर्ण वापरली. एरवी मोकळ्या जागेला घाबरणारे आम्ही हौशी लोक. पण तालमीत बसलेली मंडळी त्या शांततेत खुर्चीवर पुढे सरकत, हे मी कडेने पाहिले आणि माझी भीती गेली.

याच सोन्याचे पुढे काय होते ते नाटकाच्या जाणकारांना माहीत आहे. वहिनीची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तरांबरोबर पळून जाते आणि दागिने घेऊन जाते. मुलगी परत येते. सोने येत नाही. ही बातमी वहिनीपर्यंत पोचते तो क्षण कसा करावा, यावर आमच्यात खूप बोलणे झाले. मी आधी तो आकांताने करून पाहिला, नंतर अगदी कोरडा करून पाहिला. दोन्ही करताना मला काही अडचण येत नव्हती, आणि म्हणूनच दिग्दर्शकांना दोन्हींत काही अर्थ वाटत नव्हता. एका रात्री त्यांनी मला बसवून एकच प्रश्न विचारला: “पोरगी गेली हे आधी पोचतं, की दागिने गेले हे?” मी आईपणाला शोभेल असे उत्तर दिले. त्यांनी मान हलवली आणि सांगितले, उत्तर तोंडाने देऊ नका, प्रवेश करा.

आमच्या प्रयोगात वहिनीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. ती दिग्दर्शकांची योजना. त्या रात्री बातमी कानावर आली आणि माझा हात आधी किल्ल्यांकडे गेला. मी तो ठरवून नेला नव्हता. इतके दिवस कमरेला तो जुडगा बाळगून हाताला तशी सवयच लागली होती. हात किल्ल्यांवर पडला, मी तो पाहिला, आणि मुलीच्या आधी आपला हात कुठे गेला हे त्या बाईला कळले. त्यानंतर रंजूचे नाव तोंडातून आले ते निराळ्याच आवाजात. प्रयोगात आम्ही तेच ठेवले. वहिनी लोभी आहे असे मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, घर नाही, जिच्या हातात पैसा येत नाही, तिच्याजवळ पुढच्या पिढीला द्यायला एवढेच असते. रंजूचे लग्न त्याच सोन्यावर व्हायचे होते. मुलगी आणि सोने हे तिच्या मनात वेगळे कप्पे नाहीत. म्हणून तिचे नुकसान मोजताना आपण तिला दोषी धरू नये, असे मला मनापासून वाटते.

रंजू करणारी मुलगी कॉलेजात शिकणारी, पहिलीपासून इंग्रजी माध्यमातली. घरात मराठी बोलते, परंतु छापील मराठी वाचायला तिला वेळ लागतो. आमच्या भागात अशी मुले आता पुष्कळ आहेत, कारण मराठी शाळांचे पट रोडावत चालले आहेत. तिला संहिता वाचून दाखवायचे काम तिच्या आजीने अंगावर घेतले. रोज रात्री जेवण झाल्यावर आजी सगळ्यांचे संवाद वाचायच्या आणि नात आपले तेवढे म्हणायची. तोंडपाठ झाल्यावर ती मुलगी आपणहून वाचू लागली, आणि पुढे प्रॉम्प्टर आजारी पडला त्या दिवशी तिनेच संहिता हातात धरून सर्वांना संवाद पुरवले. प्रयोगाविषयी लिहिताना ही गोष्ट वगळावी असे मला वाटत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे गुर्लहोसूर आमच्याच जिल्ह्यातले. १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभे करणारा माणूस या भागातला होता याचा आम्हांला अभिमान आहे, परंतु त्या अभिमानाला पुढे नेणारे हात हे असे घरातून तयार करावे लागतात.

नेपथ्याबद्दल फार लिहीत नाही. चिरेबंदी भिंतींसाठी लाकडी चौकटींच्या फ्लॅटवर कापड ताणून रंगवले. रंगवणाऱ्याने सवयीने आमच्याकडच्या जांभ्या दगडाचा तांबूस रंग दिला होता, तो नंतर काळसर राखाडी केला. ट्रॅक्टर दिसत नाही, तो अंगणाच्या दिशेने पाहणाऱ्या माणसांच्या नजरेतून दाखवायचा असतो. त्यासाठी सर्वांनी विंगेतल्या एकाच खुंटीकडे पाहायचे असे ठरले आणि ते कटाक्षाने पाळले गेले. बाहेर पावसाने गल्ल्या वाहत असताना आत वऱ्हाडातला कोरडा उन्हाळा उभा करायचा होता. प्रकाशयोजना करणाऱ्याने पिवळा प्रकाश जमिनीलगत ठेवला आणि वरचा भाग अंधारात सोडला, त्यामुळे माणसे खालून तापलेली आणि वरून दबलेली दिसत.

पहिला प्रयोग कोनवाळ गल्लीतल्या लोकमान्य रंगमंदिरात झाला. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, आणि दादींच्या पहिल्या हाकेला थोडे लोक हसले. दुसऱ्या हाकेला कमी हसले, आणि पुढे हसू थांबले. तेराव्याच्या खर्चाची बोलणी सुरू झाली तेव्हा प्रेक्षागृहात जी कुजबुज झाली ती मला विंगेतून स्पष्ट ऐकू आली. आमच्याकडच्या प्रेक्षकाला हा विषय परका नाही. रक्षाविसर्जनापासून दिवसकार्यापर्यंत कोणाला बोलावले, किती पंगती उठल्या, कोणत्या भावाने किती घातले, यावरून घरे दुभंगलेली त्याने पाहिलेली असतात. मुंबईहून आलेला भाऊ आणि घरी राहिलेला भाऊ यांची खडाजंगी चालू असताना पुढच्या रांगेतले दोन म्हातारे एकमेकांकडे न पाहता समोर पाहत बसले होते, ते भाऊ असावेत असे मला उगाच वाटत राहिले.

दागिन्यांच्या प्रवेशात पाटली सांध्यांवर थांबली तेव्हा मधल्या रांगेतून एका बाईने हलकेच “साबण लाव गं,” असे म्हटले. कोणी हसले नाही. ती बाई थट्टेने बोलली नव्हती, तिला ती अडचण ठाऊक होती. नंतर रंजूची बातमी आली, हात किल्ल्यांवर गेला, आणि बायकांच्या रांगांमधून एकदम सुस्कारा आला. त्या आवाजाने मी पुढचे वाक्य थोडे उशिरा घेतले. दिग्दर्शकांनी दुसऱ्या दिवशी तेवढा उशीर संहितेत पेन्सिलीने नोंदवून घेतला.

प्रयोगानंतर भेटायला आलेल्यांपैकी पुष्कळांनी नाटकापेक्षा स्वतःच्या घराबद्दल सांगितले. शहापूरचे घर वाटण्या होऊन मधोमध भिंत घातलेले, खानापूरकडचे कौलारू घर कुलूप लावून पोरांमागे पुण्याला गेलेले, निपाणीकडची तंबाखूची वखार विकलेली. एका वयस्क बाईंनी मात्र मला बाजूला घेऊन विचारले, की ती जाऊ मुंबईला परत गेल्यावर या दोघींचे पुढे बोलणे होते की नाही. त्यांना खरोखर उत्तर हवे होते. मी त्यांना सांगितले, की याच घरावरची पुढची नाटके आहेत, ती वाचा, आणि जमले तर आम्हीच करून दाखवू.

खानापूरच्या दुसऱ्या प्रयोगानंतर ‘मग्न तळ्याकाठी’चे वाचन आम्ही सुरू केले आहे. त्यात मधली वर्षे उलटली आहेत, वहिनीला सून आली आहे, नंदिनी, आणि घराचा कारभार भास्करच्या मुलाकडे, परागकडे गेला आहे. त्या वहिनीच्या कमरेला किल्ल्या ठेवाव्यात की त्या सुनेकडे द्याव्यात, यावर माझे आणि दिग्दर्शकांचे अजून एकमत झालेले नाही. त्या सुनेकडे असाव्यात असे त्यांचे मत आहे. कारभार बदलला तरी कमरेचे वजन सहजी उतरत नाही, असे माझे. परागचे काम करणाऱ्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आहे आणि तो शनिवार-रविवारच येऊ शकतो, म्हणून तालमी त्याच दोन दिवशी ठेवायचे ठरले आहे.